ठासताना बोलायचं नाही

गेर्लिंगेन, जर्मनी,
शनिवार, १५ मार्च २०२५

ती. दादास,
ऊर्मीचा नमस्कार.

शिमगा आटोपून तू आता काजूच्या मागे लागला असशील आणि वानरांनी यंदाही तुला सुखाने दोन घास खाऊ दिले नसतील. मालिनीवहिनीच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू आहे ना? इथे अजून थंडी आहे. तुझ्या लाडक्या मेव्हण्याचं, सुमितचं, ऑफिस जोरात. एवढं तर रविवारी फोनवर सांगतेच, मग हिने पत्र कशाला धाडलंय, असं म्हणत तू चष्मा शोधत असशील. जरा दमाने घे. आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस, तुझं वाचून झालं की तिच्या हातात दे.

आधी हसण्यासारखं सांगते. मी बंदूक चालवायला शिकले! बाबांची होती तशीच, ठासणीची. तुला आठवत असेल, मुलींचं काम नाही म्हणून तू मला तिचा गजसुद्धा पुसू दिला नव्हतास. आता पन्नास मीटरवरच्या कागदावर माझ्या गोळ्या तुझ्यापेक्षा एकमेकींच्या जवळ पडतात. तू वानरांवर नेम धरतोस आणि पोफळीला लावतोस, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

झालं असं, की सुमितच्या साहेबांची बायको, फ्राऊ हेबर्ले, हिला जुन्या अमेरिकेतल्या रानोमाळ हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचं वेड आहे. तिच्यासारखे बरेच जण आहेत, त्यांचा क्लब आहे. आठवडाभर टॅक्सचे कागद तपासणारी माणसं शनिवारी स्वतः शिवलेले चामड्याचे अंगरखे घालून शेकोटीभोवती बसतात. दोनशे वर्षांपूर्वी नव्हतं ते काही चालत नाही. माझी प्लॅस्टिकची बाटली पाहून एका आजोबांनी तोंड फिरवलं होतं. कॉफीचं मशीन मात्र आहे. त्यावर घोंगडी टाकून ठेवतात.

फ्राऊ हेबर्लेने मला चामड्याचं शिवणकाम शिकायला बोलावलं. सुमित म्हणाला, जा, साहेबांच्या घरी ओळख वाढलेली बरी. त्याची कल्पना अशी, की मी तिथे बटवे शिवते. शिवतेही. दोन सुया, मेण लावलेला दोरा, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. बंदुकीची दारू ठेवायचं शिंगही केलं, काचेने खरवडून इतकं पातळ की उजेडाला धरलं तर आतली दारू दिसते. पण शिवणाच्या खोलीमागेच नेमबाजीचा पट्टा आहे, आणि बाबांच्या बंदुकीचा आवाज ऐकत वाढलेल्या पोरीला किती दिवस सुई धरवणार?

तू काथ्या ठासतोस, हे लोक गोळीला चिंधी गुंडाळतात. चिंधीला चरबी लावतात, मी खोबरेल लावते. इथल्या थंडीत ते लोण्यासारखं घट्ट राहतं. आता आम्ही तिघं-चौघं खोबरेलवाले झालो आहोत.

तर या क्लबात एक नियम आहे. कुणी बंदूक ठासत असेल, तर त्याच्याशी बोलायचं नाही. हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही. कारण ठासताना लक्ष उडालं की माणूस दारू दोनदा भरतो, नाहीतर विसरतोच. दादा, मला पहिल्या दिवशी हा नियम सांगितला तेव्हा रडू आलं. त्यांना वाटलं, मी बंदुकीला घाबरले. अगं बाई, चार मिनिटं मला कुणीही काहीही विचारणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

आता हसण्यासारखं संपलं.

गेल्या शनिवारी मी दारूचं माप हातात घेतलं आणि खिशातला फोन थरथरला. सुमितचा व्हिडिओ कॉल. तो उचलला नाही तर काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून बंदूक लाकडी घोडीला टेकवून शिवणाच्या खोलीत धावले. टेबल दाखवलं, चामडं दाखवलं, खोलीत पुरुष नाही हे कॅमेरा फिरवून दाखवलं. परत आले, दारू भरली आहे असं धरून चालले आणि गोळी तळापर्यंत ठासली. घोडा ओढला, नुसती ठिणगी पाडणारी केप वाजली. मग सगळ्यांना कळलं, कोरडी गोळी. पुढून निघत नाही, मागून ढकलायला काही नाही, आत बसून राहते. फ्राऊ हेबर्लेने केप बसते ती बोंडी काढली, तिथल्या बारीक भोकातून चिमूट चिमूट दारू आत सरकवली, बोंडी परत बसवून मला घोडा ओढायला लावला. फुस्स करून गोळी बाहेर येऊन गवतात पडली.

कोरडी गोळी ठासणाऱ्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांना केक खिलवायचा आणि आपलं लक्ष कशाने उडालं ते उभं राहून खरं खरं सांगायचं, अशी यांची रीत आहे. मागे एकाने सांगितलं होतं, सासू आठवली. लोक टेबल बडवून हसले होते.

आज मी रव्याचा केक नेला आणि उभी राहिले. मराठीत असते तर सांगितलं असतं, अहो, त्यांना काळजी वाटते हो माझी, जरा हळवा स्वभाव आहे. पण माझं जर्मन तोकडं आहे, त्यात गोल गोल बोलताच येत नाही. मी म्हणाले, "माझा नवरा फोन करतो. मी कुठे आहे ते मला दाखवावं लागतं. खोली फिरवून. रोज."

कुणी हसलं नाही.

फ्राऊ हेबर्ले मला शिवणाच्या खोलीत घेऊन आली आणि म्हणाली, "बरं तर, ऊर्मिला. तुझा पासपोर्ट कुठे आहे?"

"त्याच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये. घरात हरवेल म्हणून."

"आणि बँकेचं कार्ड?"

"तेही."

"घराची किल्ली?"

किल्ली एकच आहे, दादा. तो ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावून जातो.

आता तुला टोचेल असं लिहिते. गणपतीत मी वहिनीपाशी थोडंसं बोलले होते. तिने तुला सांगितलं आणि तू चांगल्या मनाने सुमितला फोन केलास. "सुमितराव, जरा सांभाळून घ्या हो, आमची ऊर्मी हट्टी आहे," असंच म्हणालास ना? त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. तुझ्याशी तो किती गोड बोलला, तेही मी ऐकलं. पासपोर्ट, कार्ड आणि किल्ली, तिन्ही त्याच आठवड्यात गेली. तुझा राग आला होता, खूप. आता तेवढा नाही.

फ्राऊ हेबर्ले म्हणते, तिच्या नवऱ्याच्या ऑफिसचं ती स्वतः बघेल, त्याची चिंता मी करायची नाही. अशा बायकांना राहायला जागा असते, तिथे ती मला सोडेल. पासपोर्टची तक्रार करून नवा मागता येतो. पण हातात काही कागद असले तर सोपं जाईल. म्हणून तुला एक काम सांगते आहे. बाबांच्या लोखंडी कपाटात माझी निळी फाइल आहे. त्यात माझा लग्नाआधीचा, रद्द झालेला पासपोर्ट, जन्मदाखला आणि इंजिनिअरिंगचे मूळ कागद आहेत. ती अख्खी फाइल या पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठव. पत्ता फ्राऊ हेबर्लेचा आहे. पत्रही तीच टाकणार आहे.

मला उत्तर लिहू नकोस, फोनवर विषय काढू नकोस. मुख्य म्हणजे सुमितला विचारू नकोस. तुला मोह होईल. तू भला माणूस आहेस आणि भल्या माणसाला नेहमी दोन्ही बाजू ऐकाव्याशा वाटतात. या वेळी एकच ऐक.

तू त्याला फोन केलास, तर मला शनिवारीसुद्धा इथे क्लबात येता येणार नाही. मग रविवारी तो नेहमीसारखा तुला फोन लावेल आणि ऊर्मी अगदी मजेत आहे म्हणून सांगेल. माझ्याकडे फोन देईल. मीही तेच सांगेन, हसून सांगेन, वहिनीच्या गुडघ्याची चौकशीही करेन.

तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझी धाकटी,
ऊर्मी