चारची लाँच आणि चार ओळी

पनवेल, मंगळवार

स्नेही काशिरामराव यांस कमळाकराचा सप्रेम नमस्कार.

आपट्याची हवा आणि तुमचा गुडघा यांचे अजून जमत नाही असे ऐकले. (दोष गुडघ्याचा, हवा केवळ साक्षीदार.) इकडे सर्व कुशल आहे. पुढील मजकूर वाचून हे विधान तपासून घ्यावे.

मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचची वेळ पुकारणारे यंत्र तुम्ही बसवलेत. त्याचा प्रोग्रॅम आता माझी नात दिपिका स्वतःच्या नव्या कंपायलरमधून काढते आहे. कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसाचे लिहिलेले तो यंत्राच्या बोलीत नेतो. पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये मधेच चार ओळी थेट यंत्राच्या बोलीत आहेत. (यास इनलाइन असेंब्ली म्हणतात.) त्या दुभाष्याला वाचता येत नाहीत, त्याने जशाच्या तशा पुढे द्यायच्या. त्याऐवजी त्याने तर्क लढवला: यांचे उत्तर पुढे कोणी वापरत नाही, सबब या निरुपयोगी, आणि गाळल्या. हा हेत्वाभास आहे. जे दिसण्याजोगे असून दिसत नाही, त्याचाच अभाव सिद्ध होतो. हे मी दिपिकेला पाऊण तास समजावले. ती म्हणाली, "आजोबा, बग आहे म्हणा ना, संपलं."

शुक्रवारच्या चाचणीत यंत्राने चारची लाँच पुकारली. ती लाँच बंद होऊन सहा वर्षे झाली. आवाज भामावहिनींचा. त्या गेल्यावर तुम्ही सर्व पुकारे दुसऱ्या आवाजात भरलेत. हा एक तुमच्याने पुसवला नाही, म्हणून तो ओलांडून जाण्यासाठी त्या चार ओळी, असे माझे अनुमान. ते निर्दोष आहे. धक्क्यावर पुकारा ऐकणाऱ्या मासळीवाल्या भीमाबाईंना मी ध्वनिमुद्रण म्हणजे काय ते सांगू लागलो.

"मास्तर, भामाच हाय ती," त्या म्हणाल्या. "आवाज आमी वलखत नाय का?"

आणि पाटी घेऊन लाँचच्या रांगेत उभ्या राहिल्या. मागे आणखी सहा जण. आठवा मी, अर्थात केवळ निरीक्षणार्थ.

ओळींवर 'काढू नये' अशी खूण केली की दुभाषा त्यांना हात लावत नाही, आणि यंत्र चारला गप्प राहते. तेव्हा काळजी नसावी.

आपला,
कमळाकर

ता. क. खूण अजून केलेली नाही. दिपिकेला काम शनिवारी पुरे करून द्यायचे आहे. वहिनींना गप्प करावे की बोलू द्यावे, हे तर्काने ठरत नाही. तुम्ही सांगाल तसे.

पुन्हा ता. क. शुक्रवारी शब्द होते, "चारची लाँच सुटत आहे." काल होते, "चारची लाँच थांबून आहे." मुद्रण बदलत नाही, सबब मी चुकीचे ऐकले. दिपिकेनेही. भीमाबाईंनीही. उत्तर लिहू नये, स्वतः यावे. चारच्या आत.