चाक बदल, मग किल्ली

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

डिकीत काहीच नाही!

म्हणजे खरंच काही नाही. नवीन गाडी आली – नवीन आमच्यासाठी, आधी चार वर्षं बाणेरला कोणीतरी चालवलेली. झेंडूचा हार घातला, आईने नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि मी सगळ्यात आधी डिकी उघडून खालचं कार्पेट वर केलं. स्टेपनी नाही. जॅक नाही. पाना नाही. थर्मोकोलसारखा एक ट्रे, त्यात गाडी ओढायचा एक हूक. बस.

"रन-फ्लॅट टायर आहेत," बाबा म्हणाले. "हवा गेली तरी गाडी चालते. ऐंशीच्या स्पीडने ऐंशी किलोमीटर. मग स्टेपनी कशाला?"

हे बाबा म्हणतायत. ज्यांनी वेदांतदादाला मे महिन्याच्या उन्हात सोसायटीच्या गेटबाहेर बसवून चाक काढायला लावलं होतं. आमच्या घरचा नियमच आहे – चाक बदल, मग किल्ली. लायसन्स सरकार देतं, किल्ली बाबा देतात. आजोबा बार्शीला ट्रक चालवायचे, त्यांनी बाबांना असंच शिकवलं. वीस मिनिटं, एकट्याने, कोणी हात लावायचा नाही. शेवटी बाबा स्वतः पाना घेऊन एकेक नट तपासतात आणि "पास" म्हणतात. दादाने सतरा मिनिटांत केलं. माझी परीक्षा या दिवाळीत होती. आता कशावर देऊ?

अजून एक. काल खंडेनवमी होती. दरवर्षी पाटावर आजोबांचा पाना असतो, क्रॉसचा, एका टोकाला लाल टेप गुंडाळलेला. काल पाटावर आईची कात्री, माझा लॅपटॉप आणि बाबांचा टेस्टर. पाना कुठेय विचारलं तर "जुन्या गाडीबरोबर गेला."

आजोबांचा पाना? गाडीबरोबर?

मराठीत लिहितेय कारण दादा घरी आला की माझ्या वह्या वाचतो आणि मराठीच्या दोन ओळींनंतर त्याला जांभई येते. मलाही वेळ लागतोय. असू दे.

३ ऑक्टोबर

कालचं एक राहिलं. गाडी ऑटोमॅटिक आहे. बाबा ऑटोमॅटिकला लिफ्ट म्हणायचे – बटण दाबा आणि उभे राहा. आता म्हणतात हिंजवडीच्या ट्रॅफिकला बरी पडते. ट्रॅफिक काय या महिन्यात सुरू झालंय?

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटी विचारलंच.

"बाबा, परीक्षा कधी?"

"ह्या गाडीला परीक्षा नाही."

"मग किल्ली?"

"बघू."

हे कुठलं लॉजिक? परीक्षा रद्द तर किल्ली द्या. किल्ली नाही तर परीक्षा घ्या. दोन्ही नाही म्हणजे काय?

एक नोव्हेंबरला आमच्या गाडीवेड्या ग्रुपची ताम्हिणी ड्राइव्ह आहे. मागच्या वर्षी मी विश्रामच्या गाडीत मागे बसून गेले, मांडीवर वेफर्सचा पुडा. या वर्षी 'स्वतः चालवणार' म्हणून नाव दिलंय. लेखी. विश्राम म्हणाला, "वेफर्स कोण धरणार मग?"

दादाला बंगळुरूला फोन लावला. म्हणाला, "मज्जाय तुझी, परीक्षाच गेली." म्हटलं, किल्ली पण गेली. तर म्हणे, "मग तू काहीतरी केलं असशील."

केलंय का मी काही? स्कूटीचा आरसा तुटला, पण तो ऑगस्टमध्ये. आज दुपारी मी बेडरूममध्ये गेले तर आई बाबांच्या खांद्याला बाम चोळत होती. मला बघून दोघं एकदम गप्प. नक्की माझाच विषय चालला होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

गाडीचं पुस्तक वाचून काढलं. डोक्याचा भुगा.

या गाडीच्या चाकाला नट नसतात, बोल्ट असतात. पाच. त्यातला एक लॉकवाला, चोरांसाठी. त्याच्यावर बसणारं एक छोटं सॉकेट असतं. ते हरवलं तर टायरवालासुद्धा चाक काढू शकत नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये एका डबीत सापडलं! म्हणजे चाक निघतं. म्हणजे परीक्षा होऊ शकते.

पण पुढे लिहिलंय की टायर बाजूने फाटला तर रन-फ्लॅट असो नाहीतर काही, थांबायचं आणि मदतीला फोन करायचा. लवासा रोडला अर्ध्या वेळा रेंज नसते. कोणाला फोन करू, डोंगराला?

ग्रुपवर विचारलं – रन-फ्लॅट असेल तर जॅक-पाना ठेवावा का? अर्धे म्हणाले, ठेवायचाच, कधी दुसऱ्या कोणाची स्टेपनी मागून घालावी लागली तर? अर्धे म्हणाले, बदलायला चाकच नाही तर पान्याने काय पाठ खाजवणार? दोघांत भांडण लागलं. मला दोन्ही पटतात. हाच प्रॉब्लेम आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

स्कूटीवर पौडला गेले, हाफीजचाचांकडे. बाबा पिरंगुटच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले तेव्हापासून आमचे सगळे टायर चाचांच्या दुकानात. दर शनिवारी चहापण तिथेच.

चाचांनी आधी विचारलं, "शेखरभाऊनं धाडलं व्हय?"

म्हटलं, नाही, मीच आले. जॅक आणि पाना पाहिजे, नव्या गाडीला.

"मंग मला कशाला मार खायला लावतीस, पोरी?"

"चाचा, खरं सांगा. रन-फ्लॅटच्या गाडीत पाना पाहिजे की नको?"

"पाना आसला की पंक्चर व्हत न्हाई. नसला की हमखास व्हतंय. आता तूच ठरीव."

हसत होते. मीपण हसत वर बघितलं तर भिंतीवर, ट्यूबांच्या मागे, क्रॉसचा पाना. एका टोकाला लाल टेप.

"हा आमचा आहे."

चाचा चहात बघायला लागले. "व्हय. ठिवायला दिलाय."

"बाबा म्हणाले जुन्या गाडीबरोबर गेला."

"मंग गेला आसंल गाडीबरुबर."

"चाचा!"

"त्यालाच इचार, बाय. माज्याकडनं न्हाई काय निगायचं."

काहीच कळेना. विकला नाही, हरवला नाही, ठेवायला दिला. घरात जागा नव्हती का?

पण चाचांनी शिकवलं मात्र सगळं. पान्याचं एक टोक सतराचं, ते या बोल्टना बसतं. त्यांच्याकडचा एक जुना जॅकही दिला, पण तो तसाच लावला तर गाडीचा खालचा पत्रा दबतो, म्हणून त्यांनी जुन्या टायरचा चौकोनी तुकडा कापून दिला, मध्ये ठेवायला. आणि एक बोल्ट दिला, डोकं उडवलेला. चाक लावताना आधी हा हातानेच भोकात फिरवायचा, त्याच्यावर चाक टांगायचं, मग बाकीचे. "न्हाईतर बोल्टच्या गाडीचं चाक मांडीव घिऊन बसशील लेकरागत."

"पण चाचा, दुसरं चाकच नाहीये. बदलू काय?"

"काढायचं आन तेच लावायचं. परीक्षा पान्याची हाय, चाकाची न्हाई."

पाना देताना म्हणाले, "शेखरभाऊला सांग, म्या दिला न्हाई. तू नेलास."

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सगळं डिकीत ठेवलं. दुपारी बघते तर बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागे. परत ठेवलं. संध्याकाळी परत बाल्कनीत. दिवसभर नुसती पान्याची ये-जा.

जेवताना फुटलं.

"ह्या गाडीत हत्यारं नकोत," बाबा म्हणाले. "उगाच वजन. मायलेज जातं."

"सहा-सात किलोने?"

"तुला गाडी चालवायचीय का गॅरेज टाकायचंय?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणायचात ना, ज्याला चाक बदलता येत नाही त्याने स्टिअरिंगला हात लावू नये? कोणीही असो. तुमचंच वाक्य आहे."

बाबा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

आई माझ्याकडे अशी बघत होती जसं मी काही फेकून मारलंय. "तुला गप्प नाही का बसता येत, किमया?"

काय बोलले मी? त्यांचंच तर वाक्य. दादाला दहा वेळा ऐकवलेलं.

१५ ऑक्टोबर

अबोला. पाना माझ्या कपाटावर.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दादा आलाय. लक्ष्मीपूजन झालं की आम्ही तिघं कॅरम खेळतो, बाबा क्वीन घेतात आणि दादा चिडतो, असं ठरलेलंच आहे. आज बाबा म्हणाले, "तुम्ही खेळा." सोफ्यावर बसून बघत राहिले. दोघांत काय मजा. दादाने क्वीन घेतली आणि चिडायला कोणी नव्हतं.

दादाचं म्हणणं, बाबा रिटायरमेंटच्या टेन्शनमध्ये आहेत. रिटायर व्हायला तर अजून तीन वर्षं आहेत.

बाबा अंघोळीला गेले तेव्हा आम्ही दोघांनी जॅक, पाना, रबर आणि बिनडोक्याचा बोल्ट जुन्या चादरीत गुंडाळून ट्रेच्या खाली घातला. वाजत नाही. दादा म्हणाला, "हे मी केलेलं नाही." सगळेच असं का म्हणतायत?

२६ ऑक्टोबर, रविवार

हाताला अजून ग्रीसचा वास येतोय. सगळं नीट लिहिते, नाहीतर विसरेन.

दादा काल गेला. सकाळी बाबा आपणहून म्हणाले, "चल, लवासापर्यंत जाऊन येऊ." चौदा दिवसांत पहिल्यांदा नीट बोलले. ते चालवत होते, मी शेजारी. येताना टेमघरचा उतार संपला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. पुढचं डावं चाक. उतरून बघितलं तर टायर उभाच! मला वाटलेलं पार बसलेला असेल. नीट वाकून बघितल्यावर खिळा दिसला.

"बस गाडीत," बाबा म्हणाले. "म्हणूनच घेतलीय ही गाडी. पौड गाठू."

हळूहळू निघालो. गाडी डावीकडे ओढत होती. बाबांनी डाव्या हाताने स्टिअरिंग दाबून धरलेलं, उजवा हात मांडीवर. मला वाटलं, स्टाइल.

चाचांच्या दुकानात एक टेम्पो चढवलेला. चाचा त्याच्या खालूनच म्हणाले, "चाक खोलून द्या, मंग बगतो."

बाबा माझ्याकडे वळले. "काढ. चादरीत गुंडाळलाय ना तुझा पाना?"

म्हणजे माहीत होतं! पाच दिवस! मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं.

दगड लावला मागच्या चाकाला. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट ढिले केले. चार सुटले. लॉकवाला हलेना. सॉकेट नीट बसवलं, पान्यावर एक पाय ठेवला, मग उभीच राहिले. बाबा एकदम पुढे आले, हात पुढे केला – आणि परत खिशात घातला. बरोबर आहे, कोणी हात लावायचा नाही. कर्रकन आवाज आला आणि सुटला. जॅक, रबर, चाक बाहेर. बाप रे, काय जड असतं हे रन-फ्लॅट! चाचांनी खिळा काढून बाहेरूनच रबराची वात घातली, हवा भरली. तो वेळ बाबांनी धरला नाही. "ह्ये घरापत्तुर. उद्या टायर बदला," चाचा म्हणाले. परत लावताना बिनडोक्याच्या बोल्टवर चाक टांगलं, पहिल्याच झटक्यात बसलं.

एकोणीस मिनिटं!

"आता तपासा," मी पाना पुढे केला.

बाबांनी घेतला. पहिल्या बोल्टवर ठेवून दाबला. पाना तसाच, हात मात्र सरकला. त्यांनी बोटं परत नीट गुंडाळली, दाबलं, आणि पाना खाली फरशीवर पडला. केवढा आवाज.

चाचांनी उचलला. बाबांच्या हातात नाही दिला, माझ्या हातात दिला. "घट हायेत. म्या बगितलंय."

बाबा म्हणाले, "पास."

मी उडी मारणार होते. पण दोघांपैकी कोणीच हसत नव्हतं. चाचांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ह्यो पाना आता तुज्यापाशीच ठिव, पोरी."

घरी येताना मी चालवली. बाबाच म्हणाले, "तू घे, माझे हात तेलकट झालेत."

तेलकट तर माझे होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नाश्त्याला माझ्या ताटलीशेजारी किल्ली. एक नाही, दोन. जादाची आणि बाबांची, ती पितळी रिंगवाली.

"बाबा, एक चुकून आली."

"चुकून नाही. कोणीही असो, म्हणालो होतो ना मी?" आणि डबा घेऊन पिरंगुटच्या बसला गेले.

आईने मग सांगितलं. बाबांच्या मानेत नस दाबली गेलीय, उजव्या हातात जोर येत नाही. जूनमध्ये भूगावजवळ स्टेपनी बदलायला बसले, एक नट सुटेना. एका रिक्षावाल्याने बदलून दिली. दुसऱ्या दिवशी पाना चाचांकडे ठेवून आले आणि पानाच लागणार नाही अशी गाडी शोधायला लागले.

संध्याकाळी पितळी रिंगवाली किल्ली मी गुपचूप त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली.

रात्रीच्या जेवणाला ती परत माझ्या ताटाशेजारी होती.