भटूचं उघडं दार

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ.

आठ महिने टाळलं, आज म्हसावदला भटूकडे जाऊन आलो.

उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. दार सताड उघडं, घरात बोचरी थंडी. त्याची आई म्हणाली, "साहेब, आफ्रिकाथून वना तधळपासून दार लावू देस नही. थंडीमा बी नही."

परत आल्यापासून तो दार का लावू देत नाही, हे तिला माहीत नाही. मला आहे. शांतिसेनेच्या आमच्या कॅम्पवर त्या दिवशी फाटकाशी भटू होता. बाहेर बायका पोरं कडेवर घेऊन आसऱ्यासाठी फाटक बडवत होत्या. वरून हुकूम होता, उघडायचं नाही. त्याच्या दहा जणांच्या सेक्शनचा हवालदार मी, हुकूम मीच पोचवला. त्यानं उघडलं नाही.

परतायच्या आधी डॉक्टरांचा फॉर्म आला. झोप लागते का, तेच तेच आठवतं का. भटूनं मला विचारलं, खरं लिहू का? मी म्हटलं, वेडा आहेस का, मेडिकल कॅटेगरी लागेल, अनफिट ठरशील, प्रमोशन बोंबलेल. सगळं ठीक लिही. काळजी त्याच्या प्रमोशनची होती की माझ्या सेक्शनच्या नावाची? आज डायरीत तरी खरं लिही, बाबा. सेक्शनच्या नावाची.

आईनं विचारलं, "तठे ह्यानी कोनले काही सांगं नही का?"

मी सांगणार होतो, की त्यानं मला विचारलं होतं. खरंच, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दारातून भटूच म्हणाला, "नही माय. कोनलेच सांगं नही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मी होकारार्थी मान हलवली. चहा संपवला. वर म्हणालो, चहा छान झालाय.