मागे कोण हललं?

तीर्थस्वरूप भावोजी,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समजा. प्रत्यक्ष घालायला गेलो तर टीपॉयचा कोपरा आधी लागतो आणि तुमचे पाय नंतर, अशी आमच्या घरातली मांडणी आहे.) तुमची प्रकृती ठीक असेल. हवा गार झाली की कॉलरखालचं ते हाड ठणकतं, असं ताईकडून कळलं. मला सगळंच ताईकडून कळतं, कारण गेल्या चार वर्षांत तुमच्याकडून 'या', 'बसा' आणि 'पंखा लावू का' याखेरीज काही कळलेलं नाही. तक्रार नाही, मीही 'नको' याखेरीज काही म्हटलेलं नाही. त्या स्कूटरच्या प्रकरणाबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसलो आहे. (ब्रेक लागला नाही आणि तुम्ही मागे हललात, एवढंच नमूद करतो आणि विषय संपवतो.)

पत्र मी स्वतः टाइप करतो आहे, याची नोंद घ्यावी. संगणक बोलका आहे. शब्द संपला की आतली बाई तो वाचून दाखवते. तिला राग-लोभ काही नाही, 'भावोजी' आणि 'टीपॉय' हे दोन्ही शब्द ती एकाच सुरात म्हणते. छापून पाकिटात घालायचं काम आमच्या हिच्याकडे दिलं आहे, वाचायचं नाही या अटीवर. (वाचणार.)

आता मूळ विषय. म्हणजे मूळ विषय असा काही नाही, सहज ख्यालीखुशाली. दुकान बंद केल्यावर तीन वर्षं मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत होतो आणि कोणाचा क्लच घसरतोय ते हिला सांगत होतो. हिने ते ताईला सांगितलं, आणि तुमच्या पत्नीचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या आठवड्यात माझं नाव 'दृष्टिबाधित प्रौढांसाठी मनोरंजन व स्नेहसंवर्धन मंडळा'त दाखल झालेलं होतं. ते नाव उच्चारून होईपर्यंत निम्मं मनोरंजन उरकतं. दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते सहा, शाळेच्या मागच्या हॉलमध्ये, जिथे खुर्च्या लहान मुलांच्या आहेत आणि गुडघे हनुवटीला लागतात.

मंडळ चालवते ती बाई मनाने सोन्यासारखी आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. मी तिला उत्साहताई म्हणतो. माणसाचे डोळे गेले की पाठोपाठ कानही जातात, अशी तिची पक्की समजूत आहे. पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी तोंड आणून, पलीकडच्या गल्लीतही कळावं अशा आवाजात तिने जाहीर केलं की ही खुर्ची आहे. मी म्हटलं, बाई, मी शिंपी, एकतीस वर्षं खुर्चीवरच काढली, आमची ओळख आहे. मग तिने हिला विचारलं, काकांना चहात साखर चालते का? ही म्हणाली, त्यांनाच विचारा, ते बोलतात, लागतं त्यापेक्षा जास्त बोलतात. यावर उत्साहताईने टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळात टाळ्यांना कारण लागत नाही. मला पहिलं काम दिलं ते मणी ओवायचं. भावोजी, ज्या माणसाने तीन तुकड्यांचा सूट दोन दिवसांत उभा केला आहे, त्याच्या हातात लिंबाएवढे मणी आणि बुटाची नाडी. एक मणी गेला, टाळ्या. दुसरा गेला, टाळ्या. सूट घालून गिऱ्हाईक आरशात बघायचं तेव्हा म्हणायचं, बाही किंचित लांब वाटते. इथे सतरा मण्यांवर माझा फोटो काढला. फोटो काढताना 'इकडे बघा, हसा' असं म्हणतात. इकडे म्हणजे कुठे, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक फोटोत आम्ही बाराजण बारा दिशांना हसतो आहोत, असं ही सांगते.

तिसऱ्याच दिवशी मी नाव काढून घेणार होतो. अडवलं ते ऑपरेटरबाईंनी. या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, जन्मापासून आंधळ्या, आणि त्याबद्दल लोकांना एवढं वाईट का वाटतं याचंच त्यांना नवल. टिंबं उठवलेल्या पत्त्यांवर त्या असा डाव खेळतात की समोरच्याने मुकाट्याने पत्ते खाली ठेवावेत. मी सलग नऊ डाव हरलो आणि वर माझं दुःख सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली डोळे जाऊन? चार? अहो, म्हणजे तुम्ही अजून बालवाडीत. पिसा पत्ते." मी पिसले. चार वर्षांत माझ्याशी एवढ्या उद्धटपणे कोणी बोललं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

मग मंडळात जोडसायकली आल्या, सहा. तुम्ही सायकलवाले, तेव्हा तुम्हाला समजावून सांगायला नको, पण सांगतो. लांबलचक सायकल, दोन सीटं, पुढे डोळस, मागे आम्ही. मागच्यालाही हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला दिलेलं असतं. ब्रेक पुढच्याच्या हातात, घंटी पुढच्याच्या हातात. मागच्याने पायडल मारायचं आणि गप्प बसायचं. (दुसरं कलम मला जड गेलं.) दोन्ही पायडलं एकाच साखळीने जोडलेली, एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. मैदानाला पहिली फेरी मारली, आणि उताराला कानांवरून वारा गेला ना, भावोजी, चार वर्षांत मी पहिल्यांदा कोणाच्या दंडाला न धरता वेगाने कुठेतरी जात होतो. मला रडू आलं. खाली उतरल्यावर घाम म्हणून पुसलं. उत्साहताईने टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवशी मला त्या टाळ्यांचा राग आला नाही.

पण सुखात खडा हवाच, तो माझ्या पुढच्या सीटवर बसलेला होता. विमा कंपनीत अधिकारी, गळ्यात शिट्टी, आणि सगळ्यांनी त्याला कप्तान म्हणावं अशी त्याची स्वतःचीच इच्छा. हा कप्तान मला वाटेतली शोभा सांगायचा. डावीकडे निळंशार तळं आहे, काका! ऑपरेटरबाईंनी नंतर सांगितलं की डावीकडे पाणीपुरवठ्याची टाकी आहे, औषधाचा वास येत नाही का तुम्हाला? तेही मी सोडून दिलं. पण चढावर हा गृहस्थ ओरडायचा, काका, जोर लावा, जोर! आणि स्वतः? भावोजी, एकतीस वर्षं माझे पाय मशीनच्या पायडलावर होते. पट्टा सैल झाला की हाताआधी पायाला कळायचं. पुढच्या पायडलांवर दोन पाय होते, ते फिरतही होते, पण पाहुण्यासारखे. साखळीत माझ्याशिवाय कोणाचा जोर नव्हता. अख्खा चढ मी या माणसाला आणि त्याच्या शिट्टीला ओढून वर नेत होतो, आणि वर पोचल्यावर तो सगळ्यांना सांगायचा, आज काकांना ओढून आणलं! आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे.

गेल्या शनिवारी कळस झाला. रोपवाटिकेजवळच्या वळणावर कप्तानाला आम्हा दोघांचा फोटो घ्यायची हुक्की आली. एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन. (मला कसं कळलं? 'हसा काका' म्हणाला ना.) पुढच्या क्षणी आम्ही दोघं आणि सायकल मातीच्या कुंड्यांत होतो. माझा गुडघा सोलवटला, कोपराला शेण-माती, सदऱ्याच्या खिशात एक अख्खं रोप. कप्तान उठला, कपडे झटकले, आणि धावत आलेल्या उत्साहताईला अगदी शांतपणे म्हणाला, काका मागे हलले.

सगळ्यांनी 'होतं असं, होतं असं' म्हटलं. कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्याला दिसतं तो सांगतोय म्हटल्यावर कुंडीत बसलेल्याला कोण विचारतो? मी तोंड उघडलं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, त्या कप्तानाच्या मी तिथे चिंध्या केल्या असत्या. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं निघालं. अंगावर दुसऱ्याच्या होतं, पण शिवण माझ्या दुकानातली. दवाखान्यात तुमचा खांदा बांधत होते, ताई उशाशी उभी होती, आणि मी अगदी याच शांतपणे सगळ्यांना सांगत होतो की ब्रेक लागला नाही आणि हे मागे हलले. तेव्हाही सगळे 'होतं असं' म्हणाले होते. तुम्ही डाव्या हाताने माझ्या खिशातली स्कूटरची किल्ली काढून घेतलीत आणि स्वतःच्या खिशात टाकलीत. चार वर्षं मी त्या किल्लीचा राग धरून बसलो.

असो. सांगायचं राहिलं ते एवढंच की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत अशी बावीस किलोमीटरची मोठी फेरी आहे. कप्तानाने 'हलणारे काका नकोत' असं लेखी कळवलं आहे. मंडळाचा नियम असा की ज्याला पुढचा नाही त्याने गुरुवारपर्यंत आपला माणूस आणावा, नाहीतर यादीतून नाव कमी. नाव कमी झालेल्याला स्वागत समितीत घेतात. म्हणजे पुलावरून परत येणाऱ्यांसाठी लहान मुलांच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. मला ही फेरी मारायची आहे, भावोजी. टाळ्या वाजवत बसलो तर मी परत त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाईन आणि मग उठणार नाही, हे मला कळतं. पण माझा प्रश्न मी बघेन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पत्राचं प्रयोजन तुमची खुशाली विचारणं इतकंच.

ताईला नमस्कार. तिने नाव घातल्याबद्दल तिच्यावर रागावलो होतो, तो राग परत घेतला आहे असं कळवावं.

आपला मेव्हणा,
शिंपी (निवृत्त)

ता. क. ताई म्हणत होती, तुम्ही अजून रोज सकाळी सायकलवरून दूध आणायला जाता आणि परत येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरता. तब्येतीला चांगलं आहे. सहज विचारलं.

आणखी ता. क. तुम्ही मागे हलला नव्हता. हे वाक्य मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं, कारण यंत्रातली बाई ते इतक्या कोरडेपणाने वाचते की ते खरं आहे असंच वाटतं. खरंच आहे. ब्रेकही लागला होता, मी उशिरा दाबला. मला ती गाद्यांची हातगाडी दिसलीच नव्हती. नजर कडेकडेने कुरतडत आली होती, सुईचं भोक दिसायचं आणि बाजूने आलेला माणूस दिसायचा नाही. डॉक्टरांनी आठ महिने आधी कागदावर लिहून दिलं होतं, गाडी चालवू नका. तो कागद मी अस्तराच्या कापडाच्या घडीत ठेवला होता आणि तुम्हाला मागे बसवून निघालो होतो. तुमचं हाड माझ्या खोटेपणाने मोडलं. किल्ली काढून घेतलीत ते बरं केलंत. मला माफ करा.

आणखी ता. क. पुढचं सीट रिकामं आहे. गुरुवारपर्यंत. त्या दिवशी पुढच्याला दिसत नव्हतं आणि मागचा विश्वासाने बसला होता. या वेळी पुढच्याला दिसेल, एवढी तरी सुधारणा आहे. यायचं असेल तर मंडळाच्या हॉलवर या, मी दारापाशीच असेन. 'या', 'बसा' एवढंच म्हणालात तरी चालेल, सायकलवर तेवढं पुरतं. चढावर मात्र पायडल मारावं लागेल, नुसते पाय फिरवलेत तर मला कळतं.

शेवटचं ता. क. आणि वाटेत कुठे पडलोच, तर खुशाल सगळ्यांना सांगा की मेव्हणा मागे हलला. मी नाही म्हणणार नाही.