हिरवी चादर आणि भाऊजींचं यंत्र

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? मी ठणठणीत आहे. मनगटावरचा तीळ हल्ली वाढलाय आणि खाजतो, पण त्याची काळजी करू नकोस. काळजी करायचीच तर तुझ्या यजमानांची कर, कारण एखाद्या दिवशी माझ्या हातून त्यांचं काही बरंवाईट होईल.

आमच्या संस्थेने भाऊजी आणि मी अशा दोघांकडून एकच काम मागितलं होतं, हे तुला ठाऊक आहे: त्वचेवरच्या डागाचा फोटो पाहून तो धोक्याचा आहे का, हे सांगणारा एआय. निवडलेला प्रकल्प रुग्णालयात जाणार. माझं यंत्र दोन महिन्यांत तयार, एकही चूक नाही. भाऊजी मात्र वर्षभर रुग्णांशेजारी बसून, फोटो कशाला हवा ते समजावत परवानग्या मागत होते (एका आजोबांनी नकार दिला, तर त्यांचेही आभार मानून आले). मी पोट धरून हसलो.

परवा सादरीकरण झालं. आपलं यंत्र कुठे कुठे चुकतं, हेच भाऊजींनी पहिल्या स्लाइडवर दाखवलं. मी मनात म्हटलं, गेले. तर परीक्षक डॉक्टरीणबाई चक्क खुर्चीत पुढे सरसावल्या. माझ्या वेळी मात्र बाईंनी मी यंत्राला शिकवायला वापरलेले फोटो निरखून पाहिले, आपला चहाचा कप हिरव्या टेबलक्लॉथवर ठेवला, त्याचा फोटो काढला आणि माझ्या यंत्राला दाखवला. यंत्राने कपाला तातडीची शस्त्रक्रिया सांगितली. (धोक्याच्या डागांचे माझे सगळे फोटो शस्त्रक्रियेच्या खोलीत, हिरव्या चादरीवर काढलेले. यंत्र डाग ओळखायला शिकलंच नव्हतं, चादर ओळखायला शिकलं होतं.) सगळे हसले. एकटे भाऊजी हसले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

प्रकल्प त्यांना मिळाला. माझा जळफळाट होतोय, उघड सांगतो. वर ते माझ्या कामाच्या वेगाचं कौतुक करतात, तेव्हा तर तुझ्याकडचा घास गिळवत नाही. आणि त्यांचं यंत्र तरी काय दिवे लावतं? घरी येऊन मी दोन्ही यंत्रांना माझा तीळ दाखवला. माझं म्हणालं, काही नाही, निवांत राहा. त्यांचं म्हणालं, खात्री नाही, डॉक्टरांना दाखवा. यंत्र असून खात्री नाही म्हणतं, लाज वाटायला हवी.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं भाऊजींना काही कळू देऊ नकोस.

ता. क. २. डॉक्टरीणबाईंना तीळ दाखवला. वेळेत आलात म्हणाल्या. सोमवारी काढायचाय. मला भीती वाटते, तू ये.

ता. क. ३. भाऊजींनाही आण. हिरव्या चादरीवर मीच असणार, त्यांना फोटो हवा असेल. देईन, पण नेहमीसारखं शेजारी बसून, सगळं सावकाश समजावून मागायला सांग.