एफपाशी तुटतं

९ जून
गिटारच्या क्लासला पुन्हा तेच. माझं वाजवणं मध्येच तुटलं, शिकवणारा ओंकार म्हणाला, "छान काकू." माझ्यानंतर सातवीतल्या मुलीनं वाजवलं, माझ्यापेक्षा पुष्कळ बरं. तिला म्हणाला, "काय गं हे? घरी गिटार बाहेर काढतेस की नाही?" म्हणजे त्याला ऐकू येतं.
पलूसच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. चुकलेल्या सिद्धतेखाली "छान" लिहिलं नाही कधी.

१२ जून
निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी भजनी मंडळ सुचवलं, म्हणून गिटार घेतली, असं मी लोकांना सांगते. तेही खोटं नाही. पण साताऱ्याला कॉलेजात असताना हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतली मुलगी वाजवायची. वर्षभर भिंतीतून ऐकलं. जरा माझ्या हातात दे, एवढं म्हणायला जमलं नाही. असो.
सराव अर्धा तास. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड बरे. एफ नाही. एफला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. माझ्या बोटाखाली निम्म्या तारा दबतच नाहीत, भद्द आवाज येतो.

१७ जून
ह्यांच्या थोरल्या बहीण आटपाडीहून आल्या. डोळ्यांची ऑपरेशनं. आत्ता एका डोळ्याचं, पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं. म्हणजे महिना तरी मुक्काम.
आल्या आल्या कोपऱ्यातल्या गिटारकडं बघून, "ह्ये कुणाचं?"
"हिचं," हे म्हणाले आणि हसले. वन्सं हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

१८ जून
ओंकार म्हणाला, उजव्या हातातल्या बांगड्या लाकडावर वाजतात. बरोबर आहे. मंगळसूत्रही घासतं, गिटारच्या पाठीवर ओरखडे उठलेत. घरी येऊन दोन्ही काढून ठेवलं.
जेवताना वन्संनी पाहिलं.
"हात भुंडं कशापायी?"
"गिटारला लागतं."
"भाव जित्ता हाय माजा अजून."
हे समोर बसून आमटी भुरकत होते. एक शब्द बोलले नाहीत. जित्ते असल्याची काहीतरी खूण द्यायची.

२० जून
मंगळसूत्र घातलं. उजवा हात मोकळाच ठेवला. वन्सं माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. ह्यांच्याशी, मी स्वयंपाकघरात असताना, मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

२६ जून
वन्संचं पहिलं ऑपरेशन झालं. काळा चष्मा. टीव्ही बंद, भाजी निवडणं बंद. दिवसभर पलंगावर भिंतीला टेकून. सरावाला आता एक श्रोता मिळाला आहे, पळून जाऊ न शकणारा.
डाव्या बोटांची टोकं घट्ट झालीत. भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवताना डाव्या हाताला चटका कळत नाही. लिंबाचं लोणचं मात्र पुढं ढकललं, बोटांना चिरा आहेत.

१ जुलै
क्लासचा वार्षिक कार्यक्रम ऑगस्टच्या सुरुवातीला. ओंकारनं माझं नाव घातलं. पाच मुलं आणि मी, सगळ्यांनी मिळून एकच गाणं. म्हटलं, अरे, एफ येत नाही मला. "येईल काकू, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घ्यायचं नसेल तर कार्यक्रम कशाला ठेवायचा.
ठरवलं आहे: त्या दिवशी लोकांसमोर एफला अडखळले नाही तर पुढं शिकायचं. अडखळले तर बंद, गिटार देऊन टाकायची. लिहून ठेवते, नंतर पळवाट नको.

५ जुलै
सराव चालू असताना वन्सं भिंतीकडून, "परत तितंच."
"काय?"
"तितंच तुटतंय दर येळी. वडापची जीप चढावर बंद पडती तसं."
"तुम्हाला यातलं काय कळतं, वन्सं?"
"कळत न्हाई. ऐकू येतंय."
पंधरा दिवसांतलं आमचं पहिलं बोलणं.

११ जुलै
सराव नाही. वन्संना बघायला पाहुणे. चहा, पोहे, पुन्हा चहा. एकजण म्हणाल्या, "वाजवून दाखवा की वैनी." हे म्हणाले, "नको, आत्ताच खाल्लंय सगळ्यांनी." सगळे हसले. मीही हसले. मी का हसले ते...

२४ जुलै
एफ कधी येतो, कधी नाही. वन्संच्या दुसऱ्या डोळ्याचंही उरकलं, उद्या परवा जातील असं धरून चालले होते. म्हणाल्या, "कार्येक्रम बघूनच जाती." तोंडावर पडताना बघायचं असेल.
हे रोज विचारतात, "टुणटुण झालं का? चहा टाक मग."

३ ऑगस्ट
कार्यक्रम झाला. हॉल पालकांनी भरलेला. आमच्या सगळ्यांच्या गिटारला वायरी जोडलेल्या. एफ आला तेव्हा बोट नीट बसलं नाही असं वाटलं, पण स्पीकरमधून सूर स्वच्छ गेला. एकदा नाही, दर वेळी. ओंकारनं माइकवरून माझं वय सांगितलं. लोक उभे राहिले. हेसुद्धा टाळ्या वाजवत होते, पिशवी काखेत धरून.
तुटलं नाही. पुढं शिकायचं.

४ ऑगस्ट
फोन, मेसेज. क्लासच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली कुणीतरी "वयाला हरवणाऱ्या काकू" लिहिलंय. वयाला कोण हरवतं? पण दोनदा उघडून बघितला.
पलूसहून फोन. माझी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका. "मॅडम, शिक्षक दिनाला याच. मुलींसमोर बोला जिद्दीवर. आणि गिटार घेऊन या." लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच मी कशालाच हो म्हणत नाही.
वन्संनी कालपासून कार्यक्रमाचा एक शब्द काढलेला नाही. त्यांना कसं सोसवेल.

५ ऑगस्ट
वन्संना स्टँडवर पोचवायला गेले. आटपाडीची गाडी उशिरा. बाकावर बसलो.
"येक सांगू का? राग धरू नगंस."
"सांगा."
"तुजं जितं तुटतंय, तितं त्या दिवशी तुटलंच न्हाई."
"म्हणजे जमलं मला."
"पोरांना जमलं. तुजं वाजलंच न्हाई तितं. म्हैनाभर ऐकली म्या, वळखती की. तुजी तार जरा मागनं येती. त्या दिवशी मागनं कायच आलं न्हाई."
गाडी लागली, पिशव्या वर दिल्या. खिडकीतून म्हणाल्या, "माजं काय खरं धरू नगंस, म्हातारीचं."
परत येताना मनात त्यांना काय काय बोलले. जळतात. बांगड्यांचा राग काढला. मुद्दाम जायच्या दिवशी.
तरीही. बोट नीट बसलं नव्हतं. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

७ ऑगस्ट
क्लासला मुलं येण्याआधी गेले. ओंकारला विचारलं, "माझ्या गिटारचा आवाज चालू होता का?"
"म्हणजे काकू, जरा कमी ठेवला होता."
"किती कमी?"
खाली बघून वायर गुंडाळत राहिला.
"ओंकार, किती?"
"बंद होता."
मग बरंच बोलला. पालक व्हिडिओ काढतात, पाच मुलांची मेहनत असते, तुमचा हिरमोड नको म्हणून सांगितलं नाही, तुमचा उत्साह बघून बाकीच्यांना... मी म्हटलं, "उत्साहाचे मार्क मी कुणाला दिले नाहीत, मला नकोत." आणि निघून आले.
पालकांचं खरं असेल. मुलांचंही. मग मला कार्यक्रमात घ्यायचं नव्हतं. नाही म्हणायचं होतं तोंडावर.

१० ऑगस्ट
सराव नाही. तिसरा दिवस.
अडखळले असते तर गिटार दिली असती, विषय संपला असता. अडखळले नसते तर शिकत राहिले असते. आता परीक्षाच झालेली नाही. ठरवलेलं कुठल्या बाजूनं धरायचं?
ह्यांनी विचारलं, "आज टुणटुण नाही?" सांगितलं सगळं.
"मग काय झालं? टाळ्या तर मिळाल्या."
"तुम्हाला कळलं नव्हतं?"
"मला काय कळतंय त्यातलं. मला वाटलं, बरी वाजवतेस की."
लग्नानंतरचं पहिलं कौतुक. तेही दुसऱ्यांच्या गिटारचं.

१६ ऑगस्ट
गेले. ओंकारला म्हटलं, दार लाव, ऐक, आणि खरं सांग. वायर नाही, मुलं नाहीत. सुरू केलं. त्यानं थांबवलं. पुन्हा. परत थांबवलं. "पायानं ठेका धरा." धरला तर हात सुटला. "पुन्हा." एकदाही छान म्हणाला नाही. शेवटी स्वतःच दमला.
"एफ येईल काकू. सहा महिने धरा. पण ताल... तुम्ही मागं पडता. तो येईल का, मला खरंच सांगता येत नाही. काहींना या वयात येतो, काहींना नाही."
"पाच सप्टेंबरला पलूसला वाजवायचंय. एकटीनं."
"तुटेल," म्हणाला. "नक्की तुटेल."
वन्संचंच म्हणणं, फक्त हा त्याचे पैसे घेतो.
खरं ऐकायचं होतं, ऐकलं. ऐकल्यावर बरं वाटेल अशी समजूत होती. नाही वाटलं. चालत घरी आले, गिटार पाठीवर. वाटेत भाजीवाली म्हणाली, "टीचर, फोटो बघितला हो तुमचा."

१९ ऑगस्ट
सराव एक तास. राग काढल्यासारखा. एफ नाही.

२२ ऑगस्ट
दुपारी पलूसहून फोन. "मॅडम, पत्रिका छापायला टाकतेय. तुमच्या नावापुढं काय घालू, भाषण की वादन? आणि गिटारला वायर लागते ना, माइकवाल्याला सांगून ठेवते."
"वायर नको," माझ्या तोंडून गेलं.
"बरं. म्हणजे वादन धरू ना?"
"तासाभरानं सांगते."
ह्यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "भाषण कर. ते तुला येतं."
येतं. जिद्दीवर वीस मिनिटं बोलेन, मुली टाळ्या वाजवतील, खोटं एक वाक्य नसेल आणि सगळंच खोटं असेल. वाजवलं तर एफपाशी तुटेल, पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडं बघतील. तिथल्या फळ्यासमोर मी कधी अडखळले नाही. एकदाही नाही.
मघाशी वाजवून बघितलं. पहिल्या एफला तुटलं. थांबले नाही, तशीच पुढं गेले, मागून का होईना. शेवटपर्यंत गेले. ऐकायला वाईट होतं.
तास होत आला. ठरलेलं नाही. फोन वाजतोय.