चिचटोला हॉल्टवर साहेबांनी टोकलं

चिचटोला हॉल्ट
मंगळवार, संध्याकाळ

श्री. प्रफुलभाऊंना लटारूचा चिचटोल्याहून रामराम.

इकडे आम्ही धडधाकट आहोत, तिकडे चंद्रपूरला तुम्ही सगळे तसेच असाल असं धरून चालतो. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? (तुमची बहीण सरिता म्हणते, एरंडाचं पान गरम करून बांधा. हे तुमच्या डॉक्टरला सांगू नका.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते आणि तिथे तुमची भाची दिव्यानी नर्सिंगचं पुस्तक घेऊन बसलेली असते. तिच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही.

आपल्या हॉल्टवर अकरा वर्षं मी तिकिटं देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हॉल्ट म्हणजे काय, एक पिवळी पाटी, एक टिनाची खोली आणि एक मोहाचं झाड. सकाळची चंद्रपूर गाडी एक मिनिट थांबते. तर वरून कागद आला की चिचटोल्याचा विकास होणार. उंच फलाट, शेड, पाण्याचा नळ. मी गावभर पेढे वाटले. (कागदाची मागची बाजू पेढे संपल्यावर वाचली, ही चूक कबूल.) मागे लिहिलं होतं की सोमवार ते बुधवार मोजणी होईल, निदान एका दिवशी पंचवीस माणसं गाडीत चढलेली दिसली तर विकास, नाहीतर थांबाच बंद. थांबा गेला की दिव्यानीचं चंद्रपूरचं कॉलेज गेलं, कारण आमची एसटी दुपारी येते आणि कॉलेज सकाळी भरतं. फलाट उंच झाला काय नि बुटका राहिला काय, मला काळजी आहे ती एवढ्याचीच.

सोमवारी एकतीस माणसं तिकिटं काढून उभी होती. मोजणीचे साहेब लांबचे, स्वभावाने गोड, हातात फॉर्मांचा गठ्ठा. इंदुताई वालाच्या शेंगांचं टोपलं डोक्यावर घेऊन पुढे आली आणि साहेबांनी हसून विचारलं, "कुठे चाललात?"

भाऊ, तिथेच सगळं बिघडलं. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून टोकावं? इंदुताईने टोपलं खाली ठेवलं. "टोकलं नं जी साहेबानं! आता कायची गाडी?" आणि निघाली घरी, घोटभर पाणी प्यायचं, घडीभर टेकायचं, मग पुन्हा निघायचं. गाडी काही तिच्यासाठी टेकत नाही. साहेब एकेकाला विचारत गेले आणि एकेक जण माघारी फिरत गेला. चढली एकटी दिव्यानी, तीही साहेब तिच्यापर्यंत पोचायच्या आत. (मी स्वतः हे मानत नाही. मला कोणी टोकलं तर मी नुसतं पाणी पितो, आणि तेही तहान लागलेली असते म्हणून.)

मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, चौथा रकाना 'कुठे जाणार' असा आहे, तो कोरा राहिला तर फॉर्म बाद. मग मी घरोघर सांगत फिरलो की उद्या साहेब काही बोलले तरी बहिरे व्हा. आज सगळे कानाला दुपट्टे बांधून हजर! साहेबांना वाटलं, थंडीसाठी कान बांधलेत म्हणून यांना ऐकू येत नाही. गाडी समोर उभी, आणि ते फलाटाच्या मधोमध जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडले, "कुठे?" एका टोकण्यात अख्खा फलाट बाद. लहानूभाऊ तर डब्याच्या पायरीवरून उतरला. "कोर्टात तारीख हाय माही," म्हणे, "पण तारीख पुढं मिळते, जीव नाई मिळत." सरिताने दिव्यानीचा हात धरून तिला मागे ओढलं. "आज नोको जाऊ, बाई. माह्या जिवाले घोर लागते."

पोरीचं प्रॅक्टिकल बुडालं. ती रडली नाही, पण जेवलीही नाही. गावाला तिकिटं देणाऱ्याची पोर फलाटावर राहिली, याची मला फार लाज वाटते, भाऊ. उद्या बुधवार, शेवटचा दिवस, आणि मला काही सुचत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

आपला,
लटारू

ता. क. एरंडाचं पान कोवळं घ्यावं.

ता. क. आणखी एक. पानाचं राहू द्या. थांबा बंद झाला तर दिव्यानीला दोन वर्षं तुमच्याकडे ठेवून घ्याल का? जिन्याखालची खोली चालेल. तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्याच हाती पाठवतो आहे, पाकीट भाताच्या शितांनी पक्कं चिकटवलं आहे.

ता. क. मामा, मी दिव्यानी. गाडीत लिहिते आहे, म्हणून अक्षर हलतं आहे. शितं ओली होती, पाकीट कालच उघडलं. आज सकाळी साहेबांना म्हटलं, कोण कुठे जाणार ते तिकिटावर छापलेलं असतं, तुम्ही नुसतं "तिकीट दाखवा" म्हणा. बाबा अकरा वर्षं तीच तिकिटं देतात, त्यांनी कपाळावर हात मारला. कालच्या धास्तीने काही जण आलेच नाहीत. चोवीस चढले आणि शिटी झाली. बाबा उरलेली तिकिटं हातात धरून फलाटावर उभे होते. तेवढ्यात मला जेवणाचा डबा द्यायला तशीच धावत आलेल्या आईने त्यांच्या हातातून एक तिकीट ओढलं, साहेबांच्या नाकासमोर धरलं आणि चढली. पंचवीस! आता माझ्या शेजारी बसून "माह्या चुलीवर भात हाय" म्हणून ओरडते आहे.

तुम्ही हे वाचाल तेव्हा ती तुमच्या दारात अनवाणी उभी असेल. खोली नको. मामीच्या जुन्या चपला तेवढ्या द्या.